लाव्हा दिसतो, मारतो चिखल

महोदय,

ज्वालामुखीची बातमी आली की वाहिन्यांवर दिवसभर लालभडक लाव्हा वाहतो. खरं तर लाव्हा बहुधा संथ असतो, माणूस त्याच्या वाटेतून बाजूला होऊ शकतो. जीव घेतात ते तप्त राख-वायूचे लोट आणि चिखलाचे लोंढे. कोलंबियातल्या नेवाडो डेल रुईझचा १३ नोव्हेंबर १९८५ चा उद्रेक तसा लहानच. पण शिखरावरचं बर्फ वितळलं, राख-दगड घेऊन नदीपात्रातून उतरलं आणि साधारण अडीच तासांनी, रात्रीच्या वेळी, आर्मेरो गावावर आदळलं. एकूण सुमारे २३ हजार माणसं गेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता आणि त्यात आर्मेरोही होतं! अडीच तासांत लोक जवळच्या उंचवट्यावर सहज पोहोचले असते. गाव रिकामं मात्र झालं नाही.

१९९१ मध्ये फिलिपिन्सने पिनाटुबोच्या कितीतरी मोठ्या उद्रेकाआधी हजारोंना हलवलं. तिथे अनेकांचे बळी घेतले ते वादळी पावसाने भिजून जड झालेल्या राखेने कोसळवलेल्या छपरांनी.

आपल्या शाळांत अजून ज्वालामुखीची उभ्या छेदाची आकृतीच काढून घेतात. त्याच आकृतीत पायथ्याची नदी आणि गावही काढायला लावावं, एवढीच शिक्षकांना विनंती.

– एक वाचक, सातारा