रेडिएशनच्या खोलीतल्या ताईंना

सप्रेम नमस्कार ताई,

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं ताई म्हणते. मी जांबोटीकडून येणाऱ्या आज्जांची सून. कपाळाची गाठ दिसू नये म्हणून डोक्याला टॉवेल गुंडाळून बसायचे, ते माझे मामंजी.

त्यांच्या कमरेखाली लाल, कोरडे चट्टे उठले तेव्हा आम्ही नायटा म्हणून सोडून दिलं. रोपलावणीत दिवस दिवस चिखलात उभा राहणारा माणूस, नायटा होणारच. मेडिकलमधून ट्यूब आणल्या. मग एका डॉक्टरांनी स्टेरॉइडची मलमं दिली. चट्टे फिके पडायचे, पुन्हा यायचे. अशी चार वर्षं गेली. कातडीचा पहिला तुकडा तपासला, त्यातही नक्की काही ठरलं नाही. दुसऱ्यांदा तुकडा काढला तेव्हा रिपोर्टवर ‘मायकोसिस फंगॉइड्स’ आलं. माझ्या मुलीनं मोबाइलवर बघितलं, मायको म्हणजे बुरशी. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. बुरशीच आहे म्हणे!

तो गैरसमज तुम्ही बाहेरच्या बाकावर आमच्याशेजारी बसून काढलात. अलिबेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी हा आजार पहिल्यांदा १८०६ मध्ये नोंदवला. पुढं गाठी अळंबीसारख्या दिसतात म्हणून त्याला हे नाव पडलं. बुरशीचा संबंध नाही, हा रक्तातल्या टी पेशींचा, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा, कातडीत वाढणारा लिम्फोमा, एक प्रकारचा कॅन्सर. आमच्याकडं पहिल्या पावसानंतर रानात अळंबी उगवते, मामंजींच्या कपाळावरची गाठ खरंच तशी होती. पण ते नाव ऐकून आम्ही घरात काय केलं होतं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. त्यांचं ताट, तांब्या, टॉवेल, सगळं वेगळं काढलं होतं. ते पडवीत जेवायला बसायचे. कुणी बस म्हणालं नाही, आपणहून बसायला लागले, आणि आम्ही बसू दिलं.

म्हणूनच हे पत्र. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी गाठीभोवती पेनानं वेढा काढला होता. दुसऱ्या दिवशी घामानं तो अर्धा पुसला. तुम्ही डॉक्टरांना बोलावलंत, आणि ते येईपर्यंत उघड्या बोटांनी गाठीची कड चाचपून बघत होतात, कुठं संपते, किती बाहेरपर्यंत धरायची. मी दारात उभी होते. मामंजींनी डोळे मिटून घेतले होते. दोन वर्षांत त्या कपाळाला घरातल्या कुणाचा हात लागला नव्हता. “हे लागत नाही कुणाला,” असं तुम्ही सहज म्हणालात, माझ्याकडं न बघता. त्याच रात्री मी त्यांचं ताट आत घेतलं.

गाठ भुवईच्या टोकाला, डोळ्याला लागून. डोळा जाणार, अशी त्यांनी मनाशी गाठ बांधली होती. तुम्ही डोळा झाकायची ती छोटी वाटी त्यांच्या तळहातावर ठेवून दाखवलीत. शिंपल्याएवढी, आत जड धातू, वरून गुळगुळीत लेप. धातूवर आपटलेले किरण उलटून पापणीला भाजू नयेत म्हणून तो लेप, हे सांगितलंत. मग बधिर करणारे थेंब घालून पापणीखाली ती सरकवलीत. गाठीच्या आकाराचं भोक पाडलेला शिशाचा पत्रा, वर मऊ जेलीसारखी पट्टी. ती पट्टी कशाला, हे मी दोनदा विचारलं आणि तुम्ही दोन्ही वेळा तितक्याच शांतपणे सांगितलंत. हे किरण इलेक्ट्रॉनचे, ते थोडं आत गेल्यावरच पूर्ण जोर धरतात, आणि आजार तर अगदी वरच्या कातडीत. म्हणून पट्टीलाच कातडी समजायचं. त्यापुढं ते फार खोल जात नाहीत, एक-दोन सेंटीमीटरनंतर त्यांचा जोर ओसरतो. मेंदूला धोका आहे का, हा मामंजींचा प्रश्न तिथं मिटला.

चारच सिटिंग का, याचीही आम्हाला शंका होती. आमच्या शेजारच्या काकांना गळ्याच्या कॅन्सरला ७० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचं माप) दिलं होतं, पस्तीस सिटिंग. मामंजींना ३ ग्रेची चार, म्हणजे १२. पैसे कमी भरले म्हणून कमी देतात, असं गावात कुणीतरी म्हणालंही. तुम्ही म्हणालात, या पेशी थोड्या किरणांनीच मरतात आणि हा आजार पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. आज सगळं खर्चून टाकलं तर उद्या त्याच जागी द्यायला काय उरेल? बियाणं राखून ठेवणाऱ्या माणसाला हे एका वाक्यात पटलं.

संमतीचा कागद इंग्रजी आणि कानडीत होता. तुमची बोली कानडी, आमची मराठी. तुम्ही ओळ न् ओळ मराठीत सांगितल्याशिवाय त्यांना अंगठा करू दिला नाहीत. मशीनवर मामंजींना एकटं सोडून सगळे बाहेर येतात, ते मला फार कठीण जायचं. माइकवरून तुमचा आवाज यायचा, “आज्जा, अल्लाडबेडी,” आणि लगेच, “हलू नका हं.” आता घरी नातू त्यांची दाढी करतो तेव्हा ते स्वतःच म्हणतात, अल्लाडबेडी.

दीड महिन्यात गाठ सपाट झाली. भुवईचं टोक विरळ झालंय, तिथली कातडी थोडी काळवंडलीय. मांडीवर दोन नवे चट्टे आहेत, त्यांना सध्या मलमच चालू आहे. सगळ्या अंगावर पसरलं तर सहा वेगवेगळ्या पवित्र्यांत उभं करून पूर्ण कातडीला किरण देतात, हे तुम्ही समजावलं होतंत. ती वेळ आली तर घाबरायचं नाही, असं ते मला बजावतात. सांगणारे ते, घाबरणारी मी.

सुगी आटोपली की तपासणीला येतोय. नवा तांदूळ दोन पायली वेगळा बांधून ठेवलाय, पिशवीवर काय लिहू विचारलं तर म्हणाले, “मशीनवाल्या पोरीला.” तेवढा घ्या. डोक्याला टॉवेल बांधून येणार नाहीत आता, ओळखाल ना?

तुमची,
जांबोटीच्या आज्जांची सून