घरातला कापूस आणि वेचणीच्या मावशी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘कापूस विकावा की थांबावं’ यावर यंदा हिवाळाभर तुमच्या अंकात बरंच छापून आलं. मी सगळं वाचलं आणि थांबलो. 2022 च्या उन्हाळ्यात भाव क्विंटलला बारा हजारांपर्यंत गेलेला डोळ्यांसमोर होता. त्यामुळे डिसेंबरात खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी, दारात साडेआठ हजार देत होता तेव्हा त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मे संपत येईपर्यंत भाव सव्वासात हजारांवर उतरला. पण मी लिहितोय ते भावाबद्दल नाही.

अठ्ठावीस क्विंटल कापूस आमच्या समोरच्या खोलीत रचलेला होता. घर लहान, त्यामुळे नातवंडं त्याच्यावरच सतरंजी टाकून झोपायची. मार्चमध्ये धाकटीच्या कमरेवर लाल पुरळ उठलं. मग तिच्या आईला, मग मला. रात्रभर खाजवून सकाळी अंगावर नखांच्या रेघा. दवाखान्यात खरूज म्हणून घरभराला मलम मिळालं, कपडे उकळून झाले, कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळी झाल्या. चार दिवस बरं वाटायचं आणि परत तेच. कोणी म्हणे गाजर गवताची अ‍ॅलर्जी, कोणी म्हणे नव्या साबणाची. सुनेने साबण बदलला, मी अंगणातलं गवत उपटलं.

कारण सापडलं ते आमच्या वेचणीच्या मावशींना. राहिलेल्या मजुरीचा हिशोब करायला आल्या होत्या. नातीचा हात पाहिला, सरळ खोलीत गेल्या आणि ढिगातून मूठभर कापूस ओढून उंबऱ्यावर पिंजला. “भाऊ, कवडी यातच टाकली काहून? अळी जित्ती हाय.” कवडी म्हणजे अळीने खाल्लेला, नीट न फुटलेला किडका कापूस. सरकीला चिकटलेली गुलाबी बोंडअळी वळवळत होती. मावशींनी शेतात कवडी वेगळ्या ओटीत वेचून दिली होती. जागा नाही म्हणून घरी आणून आम्हीच ती एकत्र केली.

पुढे तालुक्याच्या त्वचारोग डॉक्टरांनी समजावलं, की या अळ्यांवर जगणारे अगदी बारीक, नजरेला न दिसणारे कोळी (माइट) कापसात असतात आणि तेच माणसाला चावतात. ते खरजेच्या किड्यासारखे कातडीत घर करत नाहीत, एका माणसाकडून दुसऱ्याला लागतही नाहीत. पण कापूस घरात असेपर्यंत चावत राहतात. कापूस गोठ्याच्या पडवीत हलवला, खोली धुऊन काढली, आठवड्याभरात पोरं शांत झोपू लागली.

आता मावशींबद्दल. त्या चौदा बायांची टोळी आणतात. मजुरी किलोवर असते, आणि दवाने ओला कापूस वजनाला भारी भरतो. तरी ऊन चढेपर्यंत त्या बायांना बांधावर बसवून ठेवतात, कारण बारा टक्क्यांवर ओलावा गेला तर सरकारी केंद्रावर कापूस परत येतो हे त्यांना माहीत आहे. दिवस भरलेल्या बाईला बांधाजवळची ओळ देतात. संध्याकाळी काट्यावर चौदा जणींचे किलो एकदा ऐकले की रात्री तोंडपाठ. डिसेंबरात माझ्या वहीत आणि त्यांच्या बोलण्यात तीन किलोंचा फरक आला. चूक वहीत निघाली.

जानेवारीच्या शेवटी मी एक पाणी देऊन फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवरचं जादाचं पीक, घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांनीच अडवलं. फरदड म्हणजे त्यांच्या बायांना आणखी पंधरा दिवसांची मजुरी. तरी म्हणाल्या, “उपटून टाका, नाहीतर अळी घरात येईन.” मी ऐकलं नाही. तो मार्चमधला सहा क्विंटल कापूस ढिगाच्या वर पडला, पोरांच्या अंथरुणाखाली. कृषी विभागही दरवर्षी हेच सांगतो: फरदड नको, 1 जूनआधी लागवड नको. 2017 मध्ये बोंडअळीने आमचं काय केलं ते विसरायला फार वर्षं झालेली नाहीत. पण कागदावरचं वाचून आपण मान डोलावतो आणि पाणी सोडतोच.

तुमच्या अंकात तज्ज्ञ असतात, व्यापारी असतात, अधूनमधून आम्ही शेतकरीही असतो. वेचणीचा फोटो आला तर त्यात पदर डोक्यावर घेतलेल्या बाया असतात, खाली ओळ ‘कापूस वेचताना महिला’. त्यांतली टोळी कोण चालवते, हे तुमच्या बातमीदाराने एकदा तरी विचारावं, ही विनंती.

यंदा मी आठ एकरांपैकी चार एकर सोयाबीन-तुरीकडे वळवायचा विचार करतोय. घरात दोन तट पडलेत. परवा मावशी भेटल्या आणि म्हणाल्या, “पऱ्हाटी (कापसाचं पीक) कमी करसान त आत्ताच सांगजा. मले चौदा घरी सांगा लागते.” सोयाबीन तर हल्ली हार्वेस्टर काढून जातो.

मी म्हणालो, बियाणं आणायच्या आधी सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

आपला,
एक कापूस उत्पादक,
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ