चरईतल्या फ्रेमवाल्या काकांना

काका, नमस्कार.

पत्रात तुमचं नाव लिहू का, असं विचारलं तर म्हणालात, "नको गं बाई, उद्या अख्खं ठाणं उधारीवर फ्रेमा करून घ्यायला येईल." म्हणून लिहीत नाही. ज्यांच्या पायरीवर कायम एक मांजर झोपलेली असते ते काका, एवढ्यावर चरईतली माणसं ओळखतील.

पहिल्यांदा आले ते आजीची तसबीर घेऊन. रथात बसून आकाशात निघालेले पैगंबर एलियाहू हनाबी, आम्हा बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, बऱ्याच घरांत असतात तसे. आत कसर शिरली होती. तुम्ही पाठचा कागद फाडलात, खिळे उपसलेत आणि पुठ्ठ्याच्या जागी निघाली लक्ष्मी! कुठल्याशा जुन्या कॅलेंडरवरची, कमळासकट. मी हरखलेच. आर्ट कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, डोक्यात लगेच प्रोजेक्ट शिजायला लागला: पैगंबराच्या पाठीशी लक्ष्मी, कोकणातली सरमिसळ, वगैरे वगैरे. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून म्हणालात, "तेव्हा हाताला लागेल ते मागे घालायचे. माझ्या बापानेही घातलंय. हिला काढू या. देवी आहे म्हणून नाही, ह्या कागदातलं आम्ल उतरून तुमचे बाबा पिवळे पडतील म्हणून."

एलियाहूंना "तुमचे बाबा" म्हणणारे तुम्ही पहिलेच. लक्ष्मी वेगळ्या पाकिटात घालून हातात दिलीत. ती अजून कपाटात आहे. प्रोजेक्ट मात्र केला नाही.

कारण तोवर मला समजावून सांगण्याचा कंटाळा आला होता. आडनावाच्या शेवटी "कर", घरात मराठी, तरी ज्यू कशा? मग मी सुरू: आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. आजी सिनेगॉगला मशीद म्हणते, जुन्या माणसांचा तोच शब्द. (एकदा रिक्षावाल्याने त्यापायी तिला भलत्याच दारात उतरवलं होतं. तिने तिथे पाणी पिऊन, गप्पा मारून घेतल्या.) कॉलेजात मी मलिद्याचं, म्हणजे एलियाहूंच्या नावाने करतात त्या प्रसादाचं, ताट रंगवलं होतं. पोहे, खोबरं, साखर, फळं आणि आजीचे हात. एक सर म्हणाले, "छान आहे, पण यात ज्यू कुठे आहे? सहा टोकांचा तारा तरी टाक." मी टाकला. सोनेरी, उजव्या कोपऱ्यात. आता लिहितानाही कान गरम होतात.

तेच चित्र तुमच्या टेबलावर आलं तेव्हा तुम्ही माउंटचा, म्हणजे चित्राभोवती लावायच्या पुठ्ठ्याचा, तुकडा घेऊन तारा झाकलात. उघडलात. परत झाकलात. मग विचारलंत, "हा कोणी मागितला?"

तुम्हाला तो ज्यूंचा आहे हे माहीतही नव्हतं. चित्राचा तोल जातोय, एवढंच तुम्हाला दिसत होतं. त्या रात्री मी तारा रंगवून पुसला. जवळून पाहिलं तर डाग दिसतो अजून.

आजीचं म्हणणं वेगळंच. दहा आज्ञांतली दुसरी तिला पाठ: मूर्ती करू नकोस, तिच्या पाया पडू नकोस. मग एलियाहूंची तसबीर कशी चालते, विचारलं तर म्हणते, "आम्ही कुठे पाया पडतो? नुसते बघतो." चित्रकलेबद्दल इतकं थेट मला चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

पुढची अकरा चित्रं तुम्ही पाहिलीच आहेत, पण ती कशाची, हे मी नीट सांगितलं नव्हतं. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, आमची जुनी माणसं दारफळणीचा सण म्हणतात. दार लावून, पांढरे कपडे घालून, उपास करायचा. आमचा तिश्री महिना आणि आश्विन, दोन्ही चंद्रावर चालणारे, त्यामुळे तिश्रीच्या दहावीचा हा सण आणि दसरा पुष्कळदा जवळ येतात. 2024 मध्ये 12 ऑक्टोबरला आणि 2025 मध्ये 2 ऑक्टोबरला तर एकाच दिवशी आले. 1879 सालच्या आमच्या सिनेगॉगमध्ये पांढऱ्या साड्यांतल्या बायका, आणि भिंतीपलीकडे टेंभी नाक्याच्या देवीचे ढोल. उपाशी पोटी ते पोटातच वाजतात. मी ते रंगवलं. तारा कुठेच नाही.

तुम्ही म्हणालात, पांढऱ्याला पांढरा माउंट देऊ नकोस, साड्या मळकट दिसतील. राखाडी दिलात, आणि साड्या उजळल्या.

त्या दिवशी मी मोबाइलवर 1874 ची पुण्यात छापलेली हग्गादा दाखवली होती, आठवतं? आमच्या वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, हिब्रू आणि मराठी. तिच्या चित्रात लुगडं नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिराची भाकर करतायत. त्यातही "ज्यू कुठे आहे" असं कुणी विचारलं असेल का, म्हणून मी हसत होते. तुम्ही विचारलंत छापली कोणी. म्हटलं, विठ्ठल सखाराम अग्निहोत्रींच्या छापखान्यात. तुम्ही स्क्रीन डोळ्याशी नेलीत आणि म्हणालात, "रेघ बघ कशी सुटलीय. शिळाछाप आहे." बाकी काही नाही. मला तेवढंच हवं होतं, हे घरी जाताना कळलं.

अकराच्या अकरा फ्रेमा निम्म्या पैशांत, बाकीचे चित्रं विकली गेल्यावर. तीन गेली. एक तर तुमच्या शेजारच्या शिंपीकाकूंनी हप्त्यावर घेतलं, त्याचंही श्रेय तुमच्या बडबडीला.

आजीच्या तसबिरीची नवी काच बसली, हा निरोप मिळाला. शनिवारी मी येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे, सोमवारी संध्याकाळी येते. राहिलेले अठराशे घेऊन येते, आणि आजीने मलिदा बांधून दिलाय. मांजरीला खोबरं देऊ नका, मागच्या वेळी ओकली होती.

तुमची,
टेंभी नाक्याची पोरगी