डायलिसिस जाणणारी सिस्टर तालुक्यालाच हवी

महोदय,

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात (जिथे जमिनीतले पाणीच खारे आहे) किडनीच्या रुग्णांची ओरड जुनीच आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू आहे. पण नुसत्या मशीनने भागत नाही. चार-चार तासांच्या डायलिसिसमध्ये रुग्णाचा रक्तदाब एकदम घसरतो, पायात गोळे येतात, तेव्हा उशाशी असते ती सिस्टरच. माझ्या काकांच्या फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेल्या) हातालाच एका दवाखान्यात सलाईन लावायला निघाले होते. काकूंनी अडवले म्हणून निभावले. त्या हाताला डायलिसिसखेरीज सुई टोचायची नाही, रक्तदाबाचा पट्टाही बांधायचा नाही, हे गावच्या उपकेंद्रातही माहीत असायला हवे.

त्यात आपल्याकडचा मे महिना! पारा ४५ वर आणि रुग्णाला पाणी मोजून प्यायचे. किती, हे घरच्यांना कोण सांगणार? रोज सकाळी वजन करा, पायावर बोट दाबून सूज पाहा, लोणचे-पापड बंद ठेवा, एवढे आशाताई नक्की समजावतील, पण आधी त्यांना कुणी शिकवावे ना! शासनाने तालुक्याच्या रुग्णालयांत डायलिसिसचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांची पदे भरावीत, तीही कंत्राटावर नव्हे, कायमस्वरूपी.

– एक वाचक, दर्यापूर (जि. अमरावती)