पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र : दवाखान्यातला तो तक्ता बदला

मा. पशुसंवर्धन मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

परवा रात्री दोन वाजता शेजाऱ्यांनी दार वाजवलं. "तुमच्या मांजरीला कुणी मारलंय का हो? केवढी विव्हळतेय!" कुणी मारलं नव्हतं. आमची साडेपाच महिन्यांची मांजरी पहिल्यांदा माजावर आली होती. छाती जमिनीला टेकवलेली, मागचा भाग उचललेला, शेपूट एका बाजूला आणि मागच्या पायांनी जागच्या जागी तुडवणं चाललेलं. पाठीवर हात ठेवला की लोळण, मग पुन्हा तोच टाहो.

महिनाभर आधीच तिला जनावरांच्या दवाखान्यात नसबंदीच्या शस्त्रक्रियेसाठी नेलं होतं. "वर्षाची होऊ द्या, एक वेत होऊ द्या," म्हणून परत पाठवलं. डॉक्टरांवर राग नाही, भिंतीवरच्या तक्त्यातच तसं लिहिलंय. तो तक्ता गाई-म्हशी, फार तर कुत्री डोळ्यांसमोर ठेवून केलेला दिसतो.

मांजरीचं गणित निराळं आहे. कुत्रीचा माज रक्तस्रावावरून कळतो. मांजरीत रक्त दिसत नाही, म्हणून लोक पोटदुखीचं औषध मागतात. दिवस मोठा होऊ लागला की माज सुरू होतो, साधारण आठवडाभर टिकतो आणि बोका भेटला नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा हजर. घरात रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असले, तर ती हंगामही पाळत नाही.

शिवाय तिचं बीज सुटतं ते बहुतेक वेळा मिलन झाल्यावरच. बोका मानगूट पकडतो आणि काही सेकंदांत मोकळा होतो. ती किंचाळून त्याच्यावर पंजा उगारते. बघणाऱ्याला वाटतं, भांडण झालं! थोड्या वेळाने तीच पुन्हा त्याच्याजवळ जाते, कारण एकदा होऊन बहुधा भागत नाही. बोके वेगवेगळे असले तर एकाच वेतातल्या पिल्लांचे बापही वेगवेगळे. सुमारे 65 दिवसांनी ती विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. "एक वेत होऊ द्या" म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. वेत झाल्याने मांजरीची तब्येत सुधारते, याला काही आधार नाही. उलट वेळेत शस्त्रक्रिया केली तर स्तनांच्या कर्करोगाचा धोका बराच कमी होतो.

तेव्हा तक्त्यावर "पाच महिन्यांच्या आत" असं लिहवून घ्या. शिबिरं दिवस मोठे व्हायच्या आधी लावा. नंतर लावली तर निम्म्या मांजरी गाभण असतात, असा आपला माझा अंदाज. बोक्यांनाही त्यात धरा. मारामाऱ्या, चावे, भिंतींवर मुताच्या चिळकांड्या हे सगळं त्यांचंच. आणि माज दाबण्याच्या गोळ्यांबद्दल ठळक सूचना हवी. गर्भाशयात पू होणं, मधुमेह हे धोके गोळी घेताना कुणाला ठाऊक नसतात.

आमची मांजरी आज सकाळपासून गप्प आहे, खिडकीत झोपलीय. पुढचा माज यायला फार तर तीन आठवडे. तेवढ्यात तिला तारीख मिळेल का?

आपला,
एक मांजरवाला