पोचलीस की कळव

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

गौरी गेल्या त्या संध्याकाळी तू धड निरोपही न घेता पुण्याला निघालीस. भाऊंसमोर तू पिशव्या मोजून दाखवल्यास, त्याचा मला राग आला होता. एकीत दूर्वा, दुसरीत जास्वंद, तिसरीत केळी, आणि सगळ्या त्याच पातळ, २०१८ पासून राज्यात बंदी असलेल्या. मोजलंस ते बरोबर, वेळ चुकली. "सायकल दामटून जग वाचवणार का?" हे मी म्हणालो, ते मात्र साफ चुकलं.

सायकलबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवूनच बसलोय.

तू सांगितलंस तशी गॅलरीत खताची कुंडी लावली. तळाशी नारळाच्या शेंड्या, वर भाजीची देठं, निर्माल्य. आठवड्यात चिलटांनी घर भरलं आणि आईने कुंडीसकट मला बाहेर काढायची तयारी केली. सुका पाला कमी पडत होता. आता खालच्या बागेतून पिशवीभर (कापडी!) आणतो. वास गेला, चिलटं गेली, आई अजून बोलते.

आजी दुधाच्या पिशव्या धुऊन फरशीला चिकटवायची, आठवतं? भांड्यांना राख, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या. परवा भाऊ म्हणाले, आपण तेव्हापासूनच पर्यावरणवादी. कसले डोंबलाचे! ती ओढाताण होती. हातात चार पैसे खुळखुळले तशी मीच ती सोडली. तू चांगला पगार असून करतेस. हे तुला तोंडावर कधी म्हणालो नाही.

पण चांदणी चौकातून पुढे हायवेने, तेही रात्री? ट्रकवाल्याला तुझी तत्त्वं दिसत नाहीत. कंपनीची बस आहे. चाळीस माणसं एका गाडीतून गेली तरी धूर वाचतोच ना? निदान पावसाळ्यात, निदान सेकंड शिफ्टला... बघ, लागलो सुनवायला. माफ कर.

२६ जुलै २००५ ला तू चार वर्षांची होतीस. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी कुर्ल्याला अडकलो. कंबरभर पाण्यात पायांना सारखं काहीतरी गुंडाळायचं, साप समजून दचकायचो, पिशव्या असायच्या. गटारं त्यांनीच तुंबली होती. पुढे एका अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात ठेवून रुळांवरून ठाण्यापर्यंत चाललो. घरी पोचलो दुसऱ्या दिवशी दुपारी. आई रात्रभर गॅलरीत उभी होती, तू कडेवर. फोन लागत नव्हते.

तरी मी पिशव्या घेतच राहिलो. आणि आता गॅलरीत मी उभा असतो. तुझा 'पोचले' हा मेसेज साडेदहाला येतो. परवा अकरा वाजून दहा मिनिटांनी आला. काही विचारलं नाही, कारण मागच्या वेळी विचारलं तर चिडलीस.

सोबत बेसनाचे लाडू आहेत, स्टीलच्या डब्यात. डबा परत आण. पिशवी आईने जुन्या परकराची शिवलीय. तिच्या तळाशी सायकलचा मागचा लाल दिवा आहे, तो आजच लाव. दुकानदाराने तो प्लॅस्टिकच्या भल्यामोठ्या वेष्टनात दिला होता. वेष्टन मी घरीच ठेवून घेतलंय, तेवढं मोजू नकोस.

बाबा