काखेतला चौकोन

सांगली,
रविवार रात्र

प्रिय सुमे,

तुझं पत्र येऊन महिना झाला, आणि मी आत्ता कुठे लिहायला बसतेय. रागावू नकोस. हौशी राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमचं पेशवाईतलं नाटक बसतंय आणि कपडेपट माझ्याकडे आलाय. ब्लाउज, परकर आपण दोघी शिवायचोच. मला वाटलं, तेच काम जरा मोठं. तसं नाही गं.

पहिला अंगरखा मी शर्टासारखा बेतला. नुसतं उभं राहिलं की देखणा दिसायचा. तालमीत नटाने तलवार उपसून हात वर नेला आणि काखेत टर्रकन फाटला. शिवण उसवली नव्हती, कापडच गेलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात नाटक उभं केलं, तिथे फाटका अंगरखा घेऊन रंगमंचावर जायचं?

दुसऱ्या दिवशी आमच्या कपडेपटातल्या काकांनी एक जुना अंगरखा उलटा करून माझ्यापुढे ठेवला. काखेत तळहाताएवढा चौकोन, तिरका बसवलेला. चौबगला! हात खाली असला की तो घडीत लपतो. हात वर गेला की उघडतो आणि अंगरखा कमरेपासून वर ओढला जात नाही. बसवायला मात्र जीव काढतो. कोपऱ्यावर टीप नेमकी थांबवायची, सुई कापडातच ठेवून मशीनचा पाय उचलायचा, कापड वळवायचं. एक टाका पुढे गेला तरी चुणी पडते. तीनदा उसवला. चौथ्यांदा सपाट बसला, तेव्हा कितीतरी वेळ मी तो बोटांनी चाचपत बसले होते.

आणि शिवणीच्या आत सोडायची माया! आपण ब्लाउजला अर्धा-पाऊण इंच ठेवायचो, इथे दोन-दोन इंच ठेवते. पुढच्या वर्षी हाच अंगरखा दुसऱ्या कुणाच्या अंगावर चढणार.

पांढरंशुभ्र धोतर दिव्यांखाली डोळ्यांत खुपतं, म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून काढलं. निळी नऊवारी पिवळ्या दिव्यात काळपट पडली. आता तुकडा दिव्याखाली धरून बघितल्याशिवाय कापड घेत नाही. नायिकेला दोन प्रवेशांच्या मध्ये कपडे बदलायला जेमतेम मिनिटभर मिळतं, तेव्हा तिची नऊवारी शिवलेलीच हवी. तिला आधी वेल्क्रो लावलं होतं, पण विंगेतून त्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत जातो. काढून मोठे हूक लावले.

बालगंधर्वांच्या भरजरी शालूंच्या गोष्टी ऐकत आपण मोठ्या झालो. तेवढा पैसा आमच्याकडे कुठला! पण साध्या सुती साडीला जुना जरीचा काठ लावला, की मागच्या रांगेतून ती भारीच दिसते. म्हणून मागते, काकूंच्या विरलेल्या साड्या असतील तर पाठव. तीन बोटांचा काठ, लाल किंवा हिरवा. काठ कापून मात्र पाठवू नकोस, अख्खी साडी पाठव. कुठून कापायची ते पदर उलगडूनच ठरवेन.

तुझीच,
नलू